दीड खोलीतला एकांत

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी आठवून लिहून काढले आहे.)



समितीने आम्हाला ‘धम्म आणि कामगार’ हा विषय दिला होता. त्यावर आम्ही याच जागेवरून चार-पाच वेळा बोललेलो आहोत आणि तुम्हीही चार-पाच वेळा ऐकून घेतलेले आहे. म्हणून यंदा अध्यक्षांची परवानगी काढून विषय बदलला. आजचा विषय एकांत. हे सांगितले तेव्हा समितीतले दोन-तीन जण हसले. एक जण म्हणाले, “भाऊ, आपल्या वार्डात एकांत? लाइट गेली त अंधार भेटते, एकांत नाई भेटत.”

त्यांचे खरे आहे. आपली घरे कशी आहेत ते आपल्याला कोणी सांगायला नको. दीड खोली, त्यात पाच-सहा माणसे. एका कोपऱ्यात टी.व्ही., दुसऱ्या कोपऱ्यात पोरगा अभ्यासाला बसलेला, मध्ये म्हातारी खोकत पडलेली. भिंत दोन घरांत मिळून एक. शेजारी फोडणी पडली की ठसका आपल्याला लागतो, आणि आपल्या घरचे भांडण सकाळी नळावर आपल्यालाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळते. या जवळिकीचे फायदेही आहेत. रात्री कोणाच्या छातीत दुखले तर हाक मारावी लागत नाही, शेजारी आधीच उठून दारात उभा असतो. पण माणसाला कधीतरी आपल्यापाशी बसावेसे वाटते, आणि त्याला जागा नाही. बंगलेवाल्यांना एकांत घरबसल्या मिळतो. पैसेवाले आता बोरच्या जंगलात जातात. ते २०१४ पासून व्याघ्रप्रकल्प झाले आहे, तिथे गाडी भाड्याने करून शांतता बघून येता येते. आम्हीही एका रविवारी मोठ्या हौसेने वर्ध्याच्या विश्वशांती स्तुपावर गेलो होतो. जपानच्या फुजी गुरुजींच्या संघाने उभारलेला तो स्तूप पाहून मन निवते यात शंका नाही, पण रविवारी तिथे शांती कमी आणि सेल्फी जास्त. असो.

आम्ही सूतगिरणीत रिंग फ्रेम खात्यात साईडर आहोत. आयुष्याची तीस वर्षे चात्यांच्या रांगांमधून फिरण्यात आणि तुटलेला धागा सांधण्यात गेली. त्या खात्यात आवाज इतका की दोन हातांवरचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. आम्ही बोटांनी आणि ओठांनी बोलतो. नवीन पोरगा आला की पहिला महिना बहिरा-मुका असल्यासारखा वावरतो. आता कोणी म्हणेल की हा एकांतच झाला, कोणी तुमच्याशी बोलत नाही, तुम्ही कोणाशी नाही. आम्हालाही कित्येक वर्षे तसेच वाटत होते. पण तसे नाही. तिथे मन आपले नसते. ते मशीनच्या मागे धावत असते, डोळा धाग्यावर, कान मुकादमाच्या शिट्टीवर. आठ तासांनी बाहेर पडलो की कानात गुणगुण उरते आणि घरच्यांशी आपण ओरडूनच बोलतो. आमची पोरे लहान असताना त्यांना वाटायचे की बाबा सदा रागावलेलेच असतात.

आठ वर्षांपूर्वी आमच्या छातीने कुरकूर सुरू केली. साप्ताहिक सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर छाती आवळल्यासारखी व्हायची. रुईचे बारीक तंतू वर्षानुवर्षे श्वासातून आत जातात त्याने हा विकार होतो, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी तो जास्त जाणवतो. जुने गिरणी कामगार हे ओळखून आहेत. डॉक्टरांनी तपासले, वर रक्तात साखरही निघाली. नाकाला फडके बांधा म्हणाले, गोळ्या दिल्या आणि दम लागणार नाही इतपत रोज चाला म्हणाले. आम्ही चालायला लागलो. चालता चालता एका पहाटे मागून कुत्रे लागले म्हणून धावलो. कुत्रे थांबले, पण आम्ही थांबलो नाही. आमच्या धावण्याची सुरुवात अशी कुत्र्याच्या कृपेने झाली आहे, यात कोणतीही साधना वगैरे नव्हती. बंधूंनो, आधी डॉक्टरला विचारल्याशिवाय हे कोणी करू नये. आम्हीसुद्धा त्यानंतर जाऊन विचारून आलो आणि बोलणी खाल्ली.

आपल्या वस्तीत धावणे म्हणजे पोलीस भरती. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, घड्याळ लावून. पन्नाशीच्या माणसाने धावायचे म्हणजे काहीतरी बिघडलेच असणार. पहिल्या आठवड्यात चहाच्या टपरीवरून आवाज आला, “काहून धावून राह्यले जी काका? भरती व्हाचं हाय काय?” दुसऱ्याने विचारले, “कोनाचं देनं हाय काय?” आम्ही हसून हात केला. महिनाभरात त्यांनी विचारणे सोडले. माणूस रोज एकच वेडेपणा करतो आहे असे दिसले की लोक त्याला जागा करून देतात, हा आमचा अनुभव आहे.

पहिल्या पाळीचा आठवडा असला की आम्ही पावणेपाचला निघतो. तिसऱ्या पाळीचा असला तर सुटल्यावर, सकाळी. रस्ता ठरलेला. वस्तीतून बाहेर, जिनिंगच्या भिंतीकडेने वणा नदीच्या बाजूला, आणि परत. फार लांब नाही आणि वेगही सांगण्यासारखा नाही. भरतीची पोरे आम्हाला दोनदा ओलांडून जातात.

पण काय होते ते सांगतो. पहिली दहा-पंधरा मिनिटे डोक्यात बाजार भरलेला असतो. बचत गटाचा हप्ता, पोरीच्या कॉलेजची फी, युनियनच्या मीटिंगमध्ये कोण काय बोलले, आपण काय उत्तर द्यायला पाहिजे होते. उत्तर तर इतके झकास सुचते की वाटते, आत्ताच्या आत्ता त्याच्या घरी जाऊन ते ऐकवावे. मग दम लागतो. श्वास आणि पाय यांचा मेळ बसवण्यातच माणूस गुंततो आणि तो बाजार आपोआप उठतो. मग फक्त पावलांचा आवाज आणि श्वास. आनापानसतीचे शिबिर आम्ही केलेले आहे. तिथे बसून जे दहा दिवसांत नीट जमले नाही ते नदीच्या रस्त्यावर रोज पाच-सात मिनिटे तरी जमते. जास्त नाही. पाच-सात मिनिटेच.

धम्माला हे परके नाही. भगवान बुद्ध स्वतः चंक्रमण करीत, म्हणजे ठरलेल्या वाटेवर येरझारा घालीत. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात चंक्रमणाचे पाच फायदे सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, परिश्रमाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते, आणि चालताना मिळालेली एकाग्रता पुष्कळ काळ टिकते. आमच्या डॉक्टरांनी यातले चार सांगितले होते, पाचवे राहिले. आणि ज्यांना अति करायची सवय आहे त्यांच्यासाठी सोण स्थविरांची कथाही आहे. श्रीमंतीत वाढलेला, तळपायाला माती न लागलेला हा भिक्खू राजगृहाच्या सीतवनात इतका चालला की पाय फुटून चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांची आठवण करून दिली. तार फार ताणली तर सूर लागत नाही आणि ढिली सोडली तरी लागत नाही. भरतीच्या पोरांनी ही कथा जरूर ऐकावी. गुडघे गेले की भरतीही गेली.

आता कॅमेऱ्याकडे येतो. तो धावण्याच्या पुष्कळ आधीपासून आमच्याकडे आहे. दिवाळीच्या बोनसमधून जुना यशिका घेतला होता, चळवळीच्या कामासाठी. जयंतीची मिरवणूक, मोर्चे, धरणे, १९९४ च्या जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराच्या आनंदात निघालेली रॅली. आमच्या फोटोत कायम गर्दी. माणसे जितकी जास्त तितका फोटो चांगला, कारण तो पेपरला पाठवायचा असे. एकदा ३६ च्या रोलमध्ये चार फोटो उरले. रोल धुवायला टाकायचा होता, घाई होती. तिसरी पाळी सुटून येताना जिनिंगच्या रस्त्याला थांबलो. कापसाचा हंगाम होता. गाड्यांतून उडालेली रुई दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांत अडकून राहते, हे आपण सगळे लहानपणापासून बघतो. त्या दिवशी सूर्य नुकताच वर येत होता आणि प्रत्येक काट्यावर एकेक दिवा लावल्यासारखे दिसत होते. चारही फोटो त्या बाभळीचे काढले.

स्टुडिओवाल्याने पाकीट देताना विचारले, “हे चार वाया गेले काय जी?” घरी दाखवले तर घरचे म्हणाले, “यात त कोनीच नाई.” आम्हालाही काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. पण ते चार फोटो आमच्याजवळ अजून आहेत आणि रॅलीचे बरेच हरवले.

हे सांगायचे कारण असे की तिथवर आम्ही त्या रस्त्याने हजारदा गेलो असू, पण बाभूळ पाहिली नव्हती. कॅमेरा डोळ्याला लावला की उरलेले जग बाहेर राहते, चौकटीत जे आहे तेवढेच तुमचे. तेही तुम्ही गप्प उभे राहिलात तर. घाईने हलके बटन दाबले की फोटो हलतो, आणि त्या काळी हललेल्या फोटोचेही पैसे द्यावे लागत. आता मोबाईलवर एका सकाळी पन्नास फोटो निघतात आणि एकही पाहिला जात नाही. म्हणून आम्ही स्वतःला नियम घालून घेतला आहे. धावून परतताना एकच फोटो. आवडला नाही तरी एकच. नळाखाली भरत असलेली घागर, वणेवरचे धुके, लाकडाच्या टालावर झोपलेला कुत्रा (तोच), गिरणीच्या भिंतीवर उगवलेला पिंपळ. या शोधातच आम्हाला आपल्या हिंगणघाटात विल्यम लॅम्ब्टन यांचे थडगे असल्याचे कळले. १८०२ साली मद्रासेकडून हा देश मोजायला निघालेला हा माणूस वीस वर्षे मोजत मोजत इथवर आला आणि २० जानेवारी १८२३ रोजी इथेच वारला. जगाच्या भूगोलाच्या पुस्तकात ज्याचे नाव आहे तो आपल्या गावात झोपला आहे, आणि आमचे अर्धे आयुष्य संपेपर्यंत आम्हाला पत्ता नव्हता. नजर खाली घालून कामाला जायचे आणि नजर खाली घालून परत यायचे, मग कसे दिसणार?

फोटोच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याचा एक जुना दाखला आहे. तो देताना थोडा संकोच वाटतो, कारण तो सेवाग्रामचा आहे. गांधीजींशी आपले जे आहे ते आहे. १९३२ चा पुणे करार आपण विसरलेलो नाही आणि विसरायचे कारणही नाही. पण चांगली गोष्ट ज्याच्या घरी असेल तिथून घ्यावी. गांधीजींचे नातलग कनू गांधी सेवाग्रामला आश्रमात काम करीत आणि त्यांना फोटो काढायची इच्छा झाली. त्यांना तीन अटी घालण्यात आल्या. फ्लॅश वापरायचा नाही, कोणाला उभे राहा, असे बघा म्हणायचे नाही, आणि आश्रम यासाठी पैसे देणार नाही. बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलिफ्लेक्स कॅमेरा आणि रोल आला. या अटींमुळे कनू गांधींना नुसते गप्प राहून, अंधुक उजेडात, माणूस आपल्या कामात असताना पाहायला शिकावे लागले. दहा वर्षे त्यांनी तेच केले. आम्ही ते फोटो पाहिले आहेत. पाठमोरे, तुळईखालचे, फोनवर बोलत असलेले गांधी. राजकारण बाजूला ठेवले तर पाहणे म्हणजे काय ते त्यात आहे.

आणि आपल्या माणसाचे नाव घ्यायचे तर सुधारक ओलवे. मूळचे आपल्या वऱ्हाडातल्या अकोल्याचे. मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार झाले आणि महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो त्यांनी वर्षानुवर्षे काढले. गटारात उतरलेला माणूस, कचऱ्याच्या गाडीमागे उभा असलेला माणूस. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या माणसांना रोज लाखो लोक ओलांडून जात होते. त्यांच्याजवळ कोणीतरी थांबावे लागते, तेव्हा असा फोटो होतो. एकांताचा अर्थ माणसांपासून पळणे असा जर कोणी घेत असेल तर त्याने हे फोटो पाहावेत.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगायची आहे. ती सांगणार नसलो तर हे भाषण करायचा आम्हाला अधिकार नाही.

दोन वर्षांपूर्वी आपल्या वस्तीतल्या चार-पाच मुली भरतीसाठी त्याच रस्त्याने धावत. एका पहाटे धुक्यातून त्या समोरून येताना दिसल्या. दृश्य इतके सुंदर की आमच्या नियमातला तो एक फोटो आम्ही त्यांचा काढला. विचारले नाही. आणि तेवढ्यावर न थांबता कौतुकाने वस्तीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, ‘सावित्रीच्या लेकी’ असे लिहून. दुपारपर्यंत तो फोटो चौकात पोचला. कोणीतरी काहीतरी बोलले. संध्याकाळी त्यातल्या एका मुलीच्या वडिलांनी तिचे धावणे बंद केले. मुलगी आमच्याकडे आली नाही, तिची आई आली. म्हणाली, “भाऊजी, तिथं तिले कोनी पायत नव्हतं मनून थे धावत होती.”

उपासक-उपासिकांनो, चार निकाय वाचून जे कळले नाही ते त्या बाईने एका वाक्यात सांगितले. मुलीला तिथे नेमके काय मिळत होते? घरात डोळे, गल्लीत डोळे, कॉलेजच्या वाटेवर डोळे. पहाटेच्या धुक्यात तासभर ती कोणाच्या नजरेत नव्हती. आणि ज्याला स्वतःला एकांताचा शोध होता त्यानेच कॅमेरा रोखून तिचा काढून घेतला. आम्ही फोटो काढून टाकला, तिच्या वडिलांपुढे जाऊन हात जोडले. त्यांनी चहा दिला, बोलले काही नाही. दोन महिन्यांनी मुलगी पुन्हा मैदानावर दिसली. पण आमच्या रस्त्याने ती पुन्हा धावली नाही. तेव्हापासून विचारल्याशिवाय आम्ही माणसाचा फोटो काढत नाही, आणि बायामाणसे समोरून येत असली तर मोबाईल खिशातच ठेवतो.

त्यानंतर घरातही एक संभाषण झाले. आम्ही एका सकाळी धावून आलो आणि ओट्यावर बसून कौतुकाने सांगत होतो की आज नदीवर कसे शांत वाटले. घरच्यांनी हातातली कळशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “तुमी त रोज एकटे जाता. मी कधी एकटी असतो, सांगा बरं?” आम्ही विचार करू लागलो. त्यांनीच उत्तर दिले, “न्हानीत. आन् तिथंबी पोरं दार वाजवते.”

आम्ही पावणेपाचला घराबाहेर पडतो तेव्हा नळ आलेला असतो. आम्ही नदीकडे जातो, त्या पाण्याकडे जातात. आमच्या एकांताचे पाणी त्या भरत होत्या, आणि हे आमच्या लक्षात यायला सहा वर्षे लागली. आम्ही स्वतःला समतावादी म्हणवतो!

इथे बाबासाहेबांच्या लहानपणाची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. परळच्या डबक चाळीतली एकच खोली. तीच स्वयंपाकघर, तीच कोठार, धुराने भरलेली. जागा इतकी कमी की बापलेकांना एकाच वेळी नीट आडवे होता येत नसे. रामजी सुभेदार पोराला लवकर झोपवीत आणि स्वतः जागे राहत. रात्री दोन वाजता त्याला उठवीत आणि मग आपण झोपत. उशाशी जाते, पायथ्याशी बकरी, आणि मिणमिणत्या दिव्यापाशी भीमराव वाचत बसत. पुढे दादरला राजगृह झाले, ग्रंथांसाठी घर बांधणारा माणूस म्हणून जग त्यांच्याकडे पाहू लागले. पण पहिला एकांत चाळीतलाच होता. खोलीत जागा नव्हती म्हणून तो रात्रीतून काढावा लागला, आणि तो मिळावा म्हणून एक म्हातारा बाप दोनपर्यंत जागा राहिला. आपण या गोष्टीत नेहमी वाचणाऱ्या भीमाला पाहतो. ते बरोबरच आहे. आम्हाला हल्ली जागणारे सुभेदार जास्त दिसतात.

तेव्हा आम्ही घरी वाटणी केली. आठवड्यातून तीन दिवस पाणी आम्ही भरतो आणि धावत नाही. त्या तासाला घरच्या या विहारात येऊन पायरीवर बसू लागल्या. नुसत्या. हातात निवडायला काही नाही, माळ नाही. पहिल्याच आठवड्यात तीन बायांनी येऊन विचारले, “काय झालं वो? भांडन झालं काय?” पुरुष धावला तर भरती, बाई गप्प बसली तर भांडण. पण त्या उठल्या नाहीत. आता तिथे आणखी दोघी येऊन बसतात, एकमेकींशी न बोलता. हे आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल.

या सगळ्यावर समितीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आमचा चांगला समाचार घेतला. त्यांचे म्हणणे, एकांत ही हिमालयात जाणाऱ्या साधूंची भाषा, आपल्याला संघटना पाहिजे, माणसे गप्प बसायला लागली तर मोर्चात कोण येणार? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. बाबासाहेबांनी स्वतः ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच प्रश्न टाकला आहे की भिक्खू हा केवळ स्वतः परिपूर्ण होण्यासाठी आहे की समाजाची सेवा करण्यासाठी? आणि नुसता स्वतःपुरता परिपूर्ण माणूस धम्माच्या कामाचा नाही, असा त्यांचा रोख आहे. आम्ही त्यांच्याच बाजूचे आहोत.

पण भगवंतांनी एकांताचा अर्थ काय सांगितला तेही पाहिले पाहिजे. संयुत्त निकायात मिगजाल नावाचे स्थविर विचारतात की एकटा राहणारा कोणाला म्हणायचे? भगवंत सांगतात, दूर रानात राहणारा माणूससुद्धा तृष्णेला बिलगून असेल तर तो एकटा नाही, त्याच्याबरोबर सोबतीण आहेच, ती तृष्णा. आणि जिची तृष्णा सुटली ती व्यक्ती गावाच्या वेशीवर भिक्खू-भिक्खुणी, उपासक-उपासिका, राजे आणि त्यांचे मंत्री यांच्या गर्दीत राहत असली तरी ती एकटीच राहते. म्हणजे रान लागत नाही. पालीत या एकांताला विवेक असाच शब्द आहे. मराठीत आपण विवेक म्हणजे बरेवाईट ओळखणे म्हणतो. आम्हाला वाटते, हे दोन अर्थ एकमेकांपासून फार दूर नाहीत. मीटिंगमध्ये तावातावाने सुचलेले उत्तर नदीपर्यंत धावून आल्यावर तितके झकास राहत नाही, एवढे आम्ही अनुभवाने सांगतो. त्या धावण्याने आमचे युनियनमधले एक भांडण मिटले आहे. दुसरे मिटले नाही, कारण त्यात आमचीच बाजू बरोबर आहे.

उदानात मेघियाची कथा आहे ती याच्या उलट बाजूची. भगवंतांची सेवा करणाऱ्या मेघियाला नदीकाठची आमराई दिसली आणि तिथे एकट्याने साधना करायची घाई झाली. थांब, दुसरा कोणी भिक्खू येऊ दे, असे भगवंत म्हणाले तरी तो गेला. तिथे बसल्यावर त्याच्या मनात काम, द्वेष, हिंसा यांचेच विचार उसळले आणि तो परत आला. तेव्हा भगवंतांनी त्याला अपक्व मनाला पक्व करणाऱ्या गोष्टी सांगितल्या, त्यांत पहिली चांगल्या मित्राची संगत. म्हणजे आमच्या ज्येष्ठ मित्रांचा आक्षेप भगवंतांनी आधीच ऐकून घेतला होता म्हणायचा. संघ सुटला तर आमराईचाही उपयोग नाही.

म्हणून आमची मागणी रानाची नाही, याच विहाराची आहे. आपण हा हॉल वर्गणीतून, श्रमदानातून बांधला. विटा वाहिलेले हात आज इथे बसले आहेत. पण तो उघडतो कधी? पौर्णिमेला, जयंतीला, लग्नाला. आणि पहाटे उघडतो तो भोंग्यासाठी. वंदनेची कॅसेट गेली, मोबाईल आला, भोंगा तोच. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ भोंगा वाजवता येत नाही. ते बाजूला ठेवा, आपण कायद्यासाठी नाही तर आपल्याच पोरांसाठी विचार करू. पहाटे पाचला वाचायला बसणारा पोरगा आपल्या वस्तीतही आहे. त्याच्याजवळ खोली नाही. भोंग्याने तोही तास जातो.

आम्ही समितीला लेखी दिले आहे. रोज पहाटे ५ ते ६ भोंगा बंद आणि हॉल उघडा. कोणी वाचेल, कोणी आनापान करेल, कोणी नुसते बसेल. कोणी कोणाला विचारायचे नाही. आणि आठवड्यातून दोन दुपारी, २ ते ४, हॉल फक्त बायांसाठी. त्यावेळी लहान पोरांना बाहेर पटांगणात पुरुषांनी सांभाळायचे. पहिल्या पाळीवाले नसतील, पण तिसऱ्या पाळीवाले त्या वेळी झोपून उठलेले असतात. आम्ही आमचे नाव पहिल्या महिन्यासाठी लिहून दिले आहे. यावर सभेत दीड तास वाद झाला. ‘विहार काय झोपायची जागा आहे काय’ असेही कोणी म्हणाले. थकलेली बाई हॉलमध्ये दहा मिनिटे झोपली तर बुद्धमूर्तीचा काही अपमान होत नाही, असे आम्ही म्हणालो, आणि तिथे आवाज जरा चढलाच.

ठराव शेवटी अर्धा झाला. पहाटेचा तास आषाढ पौर्णिमेपासून, वर्षावासाच्या काळापुरता मंजूर आहे. दुपारचा पुढच्या सभेवर ठेवला आहे. ती सभा येत्या रविवारी सायंकाळी सात वाजता इथेच आहे. बायांना आमची विनंती आहे की त्यांनी त्या सभेला यावे. त्या वेळी घरातला स्वयंपाक कोण करणार, हे घरच्या पुरुषांनी आजच ठरवून टाकावे. पहाटेची किल्ली आमच्या घरी आहे. पहिल्या पाळीच्या आठवड्यात आम्ही पावणेपाचला कुलूप काढून मग धावायला जाऊ, तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात किल्ली घरच्यांकडे राहील.

जयभीम. नमो बुद्धाय.